डावा हात डॉक्टरचा, उजवा देवीचा

चामखीळ हा काही डॉक्टरने मिरवावा असा रोग नव्हे. माझ्याबरोबर शिकलेले कोणी हृदयाचे डॉक्टर झाले, कोणी डोळ्यांचे. चारचौघांत बसले की ते आपापल्या अवघड शस्त्रक्रिया सांगतात. माझी पाळी आली की मी रेवदंड्याच्या येसूच्या चामखिळी सांगतो. ऐकणारे आधी हसतात, मग पुढे सरकून बसतात, आणि शेवटी विचारतात, "पण मग बरं केलं कोणी?" तिथे माझं घोडं अडतं. पुस्तकं वाचून झाली, नोकरी संपली, केस गेले. घोडं अजून तिथेच उभं आहे.

मी खारेपाटातला. खाडीच्या कडेला मातीचे बांध घालून समुद्राला बाहेर ठेवायचं आणि आत भात लावायचं, ही आमची पिढीजात विद्या. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचा दरवाजा कोणी पाहिलेला नव्हता, गावातही कोणी नाही. मी मुंबईला जाऊन डॉक्टर होऊन आलो. हे मी उगाच खालमानेने सांगणार नाही, चांगलं छाती काढून सांगतो. पदवीचा कागद घरी आणला तेव्हा वडिलांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी निघाली म्हणून त्यांना जरा वाईट वाटलं असावं.

"यान लिवलंय काय?" त्यांनी विचारलं.

"माणसाच्या अंगात काय चालतं ते मला सगळं कळतं, असं लिहिलंय."

वडिलांनी कागद पुन्हा एकदा उलटला. मग म्हणाले, "सगलं?"

"सगळं," मी म्हटलं. तरुण होतो.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. माझी नेमणूक रेवदंड्याच्या दवाखान्यात झाली. नारळाच्या वाडीला लागून दोन खोल्यांची कौलारू इमारत, बाहेर एक लांब बाकडं, आत मी आणि कंपाउंडर काशिनाथ. काशिनाथ माझ्यापेक्षा बराच मोठा. माझ्याआधीचे कितीतरी डॉक्टर त्याने पचवले होते. "डॉक्टर बदलून जातात, सायेब, बाटल्या हितंच असतात," असं तो पहिल्याच दिवशी मला म्हणाला.

रोगी यायचे ते हिवतापाचे, हगवणीचे, शिंगाळा माशाचा काटा तळव्यात मोडलेले, पाकट माशाने शेपटीने पायाला फटकावलेले. पेनिसिलीन नवीन होतं आणि लोकांचा सुईवर भारी जीव. सुई न टोचणारा डॉक्टर म्हणजे जाळं न टाकणारा होडीवरचा तांडेल. एक खलाशी तर नुसता सोबत आला होता, आजारी त्याचा भाऊ. तरी जाताना दंड पुढे करून म्हणाला, "आलोच हाय तर मना पन टोच."

आणि चामखिळी. कोळीवाड्यात जितक्या चामखिळी मी पाहिल्या तितक्या मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाहिल्या नव्हत्या. त्याचं कारण धंद्यात आहे. कोळणीचे हात दिवसभर ओले. खारं पाणी, माशाचा चिकटा, कोळंबीच्या सोंडेचे बारीक टोचे. कातडी भिजून मऊ झालेली आणि जागोजागी फुटलेली. चामखिळीचा विषाणू एवढीच वाट बघत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. ओरखड्यातून आत शिरतो, पण रक्तापर्यंत जात नाही. कातडीच्या वरच्या थरातच बिऱ्हाड करतो. तिथल्या पेशी भराभर वाढायला लागतात आणि खडबडीत गाठ वर येते. ताप नाही, पू नाही, बहुतेक वेळा दुखणंही नाही.

त्यावर औषधांना तोटा नव्हता. कोणी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधे, कोणी चुना लावी, कोणी बिब्बा. एका तांडेलाने मासे कापायच्या कोयत्याने स्वतःची चामखीळ उडवली आणि रक्ताने भिजलेला पंचा घेऊन आला. वर मलाच म्हणतो, "मूळ ऱ्हायलंय का बग." पण सगळ्यांत भरवशाचा उपाय होता तो देवीचा. बंदराच्या वरच्या अंगाला वडाखाली तिचं ठाणं. चामखीळ झालेल्याने तिथे मूठभर मीठ आणि नवी केरसुणी नवसाला बोलायची. मीठ पाण्यात विरतं तशी चामखीळ विरावी, केर झडतो तशी ती झडावी. गेली की मीठ-केरसुणी नेऊन वाहायची. त्या ठाण्याच्या मागे केरसुण्यांचा ढीग पडलेला असे. मी तिकडून जाताना नजर फिरवून घ्यायचो. इतक्या केरसुण्या म्हणजे इतकी माणसं बरी झाली, आणि माझ्याकडे न येता झाली, हा हिशेब मला रुचत नव्हता.

दिवाळी उलटून गेल्यावर हिराबाय तिच्या मुलीला घेऊन आली. हिराबाय मासळी विकणारी, आवाज भरतीच्या वाऱ्यावरही ऐकू जाईल असा. कोळणीच्या तोंडी अहो-जाहो नसतं, ती मामलेदारालाही 'अरे' म्हणते, आणि त्यात अपमान नसतो. मुलगी येसू, अठरा-एकोणीस वर्षांची, उंच, सरळ नाकाची. दोन्ही हात तिने पदराखाली धरले होते.

"दाकव गो डाक्टरला," हिराबाय म्हणाली.

येसूने हात बाहेर काढले आणि मी मनात दचकलो. बोटं, पेरं, नखांच्या कडा, हाताची पाठ, सगळीकडे चामखिळी. काही एकमेकींत मिसळून भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारख्या झालेल्या.

"किती दिवस झाले?"

"मोप दीस," येसू म्हणाली. "आदी येकच व्हती. मी दातांनी खाल्ली ती. मंग आली समदी वऱ्हाड घेऊन."

"इतके दिवस का आली नाहीस?"

"दुकत न्हाय, डाक्टर. हात चालतान. मंग कशाला येऊ?"

"आनि आता आलाव कारन हिचं लगीन मोडतंय," हिराबायने मध्येच तोंड घातलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. मग सगळं बाहेर पडलं. बोर्लीच्या तांडेलाच्या मुलाशी येसूचा साखरपुडा झाला होता. मुलगा चांगला, घरची होडी. साखरपुड्यात हात ओटीच्या पदराखाली होते, कोणाला काही दिसलं नाही. परवा मुलाची आई, चांगुणाबाय, बाजारात भेटली आणि येसूच्या हातून पापलेटाचा वाटा घेताना तिने ते हात पाहिले. वाटा तिथेच टाकला. म्हणाली, हा महारोग हाय.

महारोग या शब्दाला त्या काळी काय धार होती ते आजच्या वाचकाला सांगून कळणार नाही. तो शब्द एकदा चिकटला की मुलीचं लग्न तर जाईच, पण आईच्या टोपलीतली मासळीही कोणी घेत नसे.

मी कापूस आणि टाचणी घेतली. महारोगात कातडी बधिर होते. येसूला डोळे मिटायला सांगून ठिकठिकाणी कापूस फिरवला, टाचणी टेकवली. तिला सगळीकडे बरोबर कळत होतं. नसा चाचपल्या, कुठे जाड नव्हत्या. मी म्हटलं, "महारोग नाही. नुसत्या चामखिळी. मी तसं लिहून देतो, सही-शिक्क्याने."

माझा कागद घेऊन हिराबाय बोर्लीला गेली आणि दुसऱ्या दिवशी तो परत माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"काय झालं?"

"ती बोलली, कागूद काय हात धुतंय? बोलली, शिमग्याला येईन, सोताच्या डोल्यांनी हात बगीन. साफ असलं तर लगीन. नसलं तर साखरपुड्याची साडी परत."

काशिनाथ बाटल्या पुसत होता. तो पाठमोराच म्हणाला, "सायेब, शिमगा लांब न्हाय."

चामखिळी जाळायची माझी रीत अशी होती. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, काचेच्या काडीच्या टोकावर कडक अ‍ॅसिडचा थेंब घ्यायचा आणि तो नेमका गाठीवर टेकवायचा. गाठ पांढरी पडते, मग काळी, मग खपली. जखम भरेपर्यंत हात कोरडा ठेवायचा. कोळणीला "हात कोरडा ठेव" म्हणणं म्हणजे होडीला "पाण्यात जाऊ नको" म्हणण्यासारखंच. वर कोळंबीचा हंगाम. कोळंबी सोलून, सुकवून सोडे करायचे, त्यावर घराचा अर्धा पावसाळा निघायचा. दोन्ही हात एकदम जाळले असते तर येसू घरी बसली असती.

"येक हात जाल," हिराबायने तोडगा काढला. "डावा. उजव्यानं ती काम करल."

"आणि उजवा?"

"उजवा मी देवीला बोललीय."

मला हसू आलं. "हिराबाय, देवीलाच बोलायचं तर दोन्ही हात बोलायचे होते."

"तसं कसं? डाव्याला तू हात लावनार. मी देवीला सांगून आलीय, आये, डाव्याकडं बगू नको, तो डाक्टरचा हाय. दोगांनी येकाच हातान हात घातला तर ती रागावंल. तू पन उजव्याला शिवू नको हां. देवीची चीज हाय ती."

मी कबूल झालो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पुस्तकात ज्याला प्रयोग म्हणतात तो हिराबायने आयताच मांडून दिला होता. एकच मुलगी, एकच रोग, एका हाताला विज्ञान, दुसऱ्याला मीठ-केरसुणी. निकाल काय लागणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही वाटणी बंदरभर झाली. येसू टोपली घेऊन निघाली की बायका विचारायच्या, "डाक्टर पुढं हाय का देवी?" येसू दोन्ही हात वर करून दाखवायची. आईपेक्षा तिला विनोद जास्त होता. पण एकदा अ‍ॅसिड लावत असताना ती हळूच म्हणाली, "डाक्टर, येकच हात साफ झाला तं काय करतील? अर्ध्याचं लगीन लावतील?" मी मान वर केली नाही. काचेची काडी धरलेली असताना मान वर करायची नसते, हे सांगायला बरं कारण होतं.

पौष गेला. डाव्या हाताच्या खपल्या पडल्या, खाली गुलाबी कातडी दिसली. मी काशिनाथला बोलावून दाखवलं. त्याने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "झकास." पुढच्या खेपेला त्या गुलाबी कातडीभोवती कड्यासारख्या बारीक चामखिळी उठल्या होत्या. एकीच्या जागी दहा. मी पुन्हा जाळल्या. पुन्हा उठल्या. डावा हात आता उजव्यापेक्षा वाईट दिसू लागला. जखमा, खपल्या, व्हॅसलीन, आणि मधूनच डोकावणाऱ्या नव्या गाठी.

उजवा हात होता तसाच होता. देवीने बरं केलं नव्हतं, पण निदान बिघडवलं तरी नव्हतं.

"डाक्टर, तुजापेक्षा देवी बरी," हिराबाय म्हणाली. "ती गप तरी बसलीय."

मी पुस्तकं काढली. त्यांत जाळण्याचे, कापण्याचे, खरवडण्याचे प्रकार दिले होते, आणि शेवटी एक वाक्य होतं की चामखिळी पुष्कळदा आपोआप जातात. आपोआप! कधी, का, कोणाच्या, काही नाही. इतकी वर्षं शिकून, घरच्या भाताचे पैसे मुंबईच्या खाणावळीत ओतून मी जी विद्या आणली, तिच्या शेवटच्या ओळीत 'आपोआप'. त्याच सुमारास माझ्या उजव्या तर्जनीवर एक बारीक खडबडीत ठिपका दिसायला लागला. मी त्याच्याकडे काणाडोळा केला. काशिनाथने मात्र पाहिलं. "सायेब, पेशंट टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेत म्हनायचं."

शिमगा जवळ आला. बंदरावर मुलांनी लाकडं गोळा करायला सुरुवात केली. येसूचं हसणं कमी झालं होतं. एक दिवस ती एकटीच आली.

"डाक्टर, हात खाजतान."

"डावा?"

"दोनी."

मी बघितलं. चामखिळी कडेने लालसर झाल्या होत्या, जरा सुजल्या होत्या. मला वाटलं, आता पू होणार, संपलं सगळं. अ‍ॅसिड बंद केलं, बोरिकच्या पाण्याने धुवायला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात ये म्हटलं. ती गेल्यावर किती वेळ मी नुसता बसून होतो. एका मुलीचं लग्न माझ्या टेबलावर मोडणार होतं आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा चामखिळींवर काळे ठिपके पडले होते. त्या वाळल्यासारख्या, आतून मेल्यासारख्या दिसत होत्या. मी चिमट्याने एक उचलली. ती हातात आली. खाली कातडी स्वच्छ. रक्त नाही, कडं नाही. दुसरी उचलली, तीही आली. डाव्या हाताच्या आल्या आणि उजव्या हाताच्याही आल्या. ज्यांना मी कधी शिवलो नव्हतो त्या तर जास्त सहज आल्या. मी उठून दारात गेलो आणि उजेडात पुन्हा बघितलं.

दुसऱ्या दिवशी हिराबाय येसूला ओढत धावत आली. "बगितलंस? उजवा देवीनं साफ केला!"

"आणि डावा मी केला," मी म्हटलं.

"तू? तू तर त्याचं भरीत केलं व्हतंस! देवीला दया आली, तिनं तो पन उरकला."

"माझं औषध डाव्या हातातून रक्तात गेलं, रक्तातून उजव्यात गेलं," मी ठोकून दिलं. हे खरं नाही हे मला बोलतानाच कळत होतं. कातडीवर टेकवलेला अ‍ॅसिडचा थेंब कुठेही प्रवास करत नाही. पण हार मानायची म्हणजे काय? आम्ही दोघं बाजारातल्यासारखे भांडायला लागलो. काशिनाथने दार लोटून घेतलं.

येसू आत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होती. आमचा दम संपल्यावर ती म्हणाली, "मंग ही कुनाची?"

तिने उजवा पाय पुढे केला. टाचेच्या खाली एक खड्डा होता, जुन्या पैशाएवढा, गुळगुळीत, नवी कातडी आलेला.

"हिथं येक मोटी व्हती. चालताना दुकायची. मी कुनालाच सांगितलं न्हवतं."

"का?"

"तू जाललं असतंस. मंग मी बंदरावर चालली असती कशी? आनि आयला सांगितलं असतं तं ती आनि कुना देवाला बोलली असती. हातांचंच येवडं झालं." तिने टाचेवरून बोट फिरवलं. "ती पन गेली. काल आंगोल करताना पडली."

मी हिराबायकडे पाहिलं, हिराबायने माझ्याकडे. त्या टाचेला मी औषध लावलं नव्हतं. हिराबाय त्यासाठी देवीला बोलली नव्हती. आम्हा दोघांपैकी कोणाला तिथे चामखीळ आहे हेही माहीत नव्हतं. आणि ती हातांच्या बरोबरीनेच गेली होती. हिराबाय हळूच खाली बसली. "मंग आता केरसुनी वाहू का नको?" तिने विचारलं. तिने हा प्रश्न मला विचारला, याचा अर्थ तीही माझ्याइतकीच गोंधळली होती.

शिमग्याला चांगुणाबाय आली ती हिराबायच्या घरी न जाता थेट दवाखान्यात. सोबत तिच्या घरच्या दोन बायका. ठसठशीत कुंकू, कमरेला चाव्यांचा जुडगा, चेहऱ्यावर बाजारातल्या मासळीकडे बघण्याचा भाव. काशिनाथ येसूला आणि हिराबायला बोलावून घेऊन आला. बाहेर बाकड्यावरचे रोगी आत डोकावत होते.

चांगुणाबायने येसूचे हात धरले, उलटसुलट केले, बोटांची पेरं दाबली, नखं पाहिली. माशाचे कल्ले उघडून बघावेत तसं पाहिलं. डाव्या हातावर माझ्या जाळण्याचे फिकट डाग होते. उजवा शिंपल्यासारखा साफ.

"हात साफ हायत," ती म्हणाली. हिराबायने श्वास सोडला.

"पन आता सांगा, साफ केलं कुनी?"

हिराबायने तोंड उघडलं. चांगुणाबायने हात वर करून तिला थांबवलं.

"मना आदी बोलू दे. डाक्टरनं केलं असंल तं औषद थांबलं का परत येल. आमच्या घरान तशी येक झाली, दर साली सुई, दर साली सुई. देवीनं केलं असंल तं नवसान काय राहिलं-सवरलं, देवी कोपली, का परत येल. मंग तो कोप आमचे दारान. म्हनून इचारते. डाक्टर, तू शिकलेला हायस. तू सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'मी केलं' म्हणायचा मोह होता. नाही म्हणत नाही. पण मी केलं म्हटलं तरी लग्न मोडत होतं आणि देवीने केलं म्हटलं तरी मोडत होतं. आणि 'ठाऊक नाही' हे शब्द माझ्या जिभेवर कधी बसलेच नव्हते. खारेपाटातल्या पहिल्या पदवीधराने कोळीवाड्यासमोर 'ठाऊक नाही' म्हणायचं? मी येसूकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने उजवी टाच जमिनीला घासली, खाज राहिल्यासारखी. आणि माझ्या तोंडून निघालं,

"मी नाही केलं. देवीनेही केलं का, ते मला सांगता येणार नाही. जिथे औषध नव्हतं आणि नवसही नव्हता, तिथलंही बरं झालंय. मला वाटतं, हिचं हिनेच केलं. हिचं अंग इतके दिवस झोपलं होतं. ते जागं झालं."

"हिनंच?"

"हिच्या अंगाने. कसं केलं ते मला ठाऊक नाही."

बोलून टाकलं. काशिनाथ माझ्याकडे वळून बघत होता.

चांगुणाबायने पुन्हा येसूचे हात हातात घेतले, पण आता बघायला नाही, नुसते धरले. "मंग परत नाय यायचं," ती म्हणाली. "भाएरनं आलेलं भाएर जातंय. घरचं घरान ऱ्हातंय." मग बरोबरच्या बायकांकडे वळली. "सोताचं सोता बरं करनारी सून मिलतंय का कुटं? दर्यावर्दीचं घर हाय. आमी असतांव पान्यान, घरान ही येकटी. मना हीच पायजे."

वैशाखात लग्न झालं. मला आमंत्रण होतं, आणि हिराबायने देवीला केरसुणी वाहिली ती वाहिलीच. "अंग जागं कुनी केलं, ते तू तरी सांगितलंस का?" असा तिचा सवाल होता.

आता या गोष्टीतलं थोडं कळतं. आपल्या अंगात पांढऱ्या पेशींची राखण असते. त्या रक्तातून फिरतात आणि परका दिसला की धावून जातात. चामखिळीचा विषाणू मोठा बेरकी. तो रक्तात उतरतच नाही, पेशी फोडत नाही, धिंगाणा घालत नाही, कातडीच्या वरच्या थरात चोरपावलांनी राहतो. त्यामुळे राखणदारांना पत्ताच लागत नाही. वर्षानुवर्षं लागत नाही. मग कधीतरी एखाद्या राखणदाराला त्याची ओळख पटते, तो गाठीपर्यंत पोचून इतरांना खूण देतो, आणि मग ते फक्त त्या एका गाठीवर जात नाहीत. हातावर, टाचेवर, जिथे जिथे तोच विषाणू असेल तिथे जातात. ती खाज, ती लाली, ती सूज म्हणजे लढाई होती. मी तिला पू समजलो होतो. असं अंगानेच घालवलेलं सहसा परत येत नाही, कारण ओळख लक्षात राहते. ज्यांची राखण एखाद्या आजाराने दुबळी होते त्यांच्या चामखिळी मात्र पसरतच जातात. म्हणजे चांगुणाबायचा प्रश्न अगदी नेमका होता. बरं कोणी केलं यावरच परत येणार की नाही हे ठरतं.

मला हे खारेपाटाच्या भाषेत जास्त समजतं. खेकडा बांधाला बीळ पाडतो. आतून ते दिसत नाही. भात हिरवं असतं, गाव झोपलेलं असतं. एखाद्या भरतीला खारं पाणी आत झिरपतं आणि कोणाच्या तरी नजरेला पडतं. मग हाक जाते आणि सगळं गाव घमेली-फावडी घेऊन धावतं. त्या दिवशी एकच बीळ बुजत नाही, पुरा बांध तपासला जातो.

पण हाक नेमकी कोणी दिली? हे मला अजून कळत नाही. माझ्या अ‍ॅसिडने डावा हात भाजला, तिथे विषाणूचे तुकडे उघड्यावर पडले आणि राखणदार जागे झाले, असं असू शकतं. तसं असलं तर उजवा हात आणि टाचही माझीच. पण जाळून जाळून कधीच न गेलेल्या चामखिळीही मी पुष्कळ पाहिल्या. नवसाने आईचा घोर गेला, मुलगी नीट जेवली-झोपली, त्याने काही झालं का? कोण जाणे. की त्याच महिन्यात ती जायचीच होती, आणि आम्ही दोघं नुसते शेजारी उभे होतो? मला यातलं एकही नक्की म्हणता येत नाही आणि एकही सोडवत नाही.

माझ्या तर्जनीवरची चामखीळ तिथेच होती. मी ती जाळली, खरवडली, सोडून दिली. येसूच्या हातावर जो विषाणू होता, बहुधा तोच. औषध तेच. तिचं अंग जागं झालं आणि सगळं काही कळणारं माझं अंग घोरत पडलं. काही वर्षांनी येसू तांडेलीण होऊन आली, कडेवर मूल, मुलाच्या पायात माशाचा काटा. मी काटा काढत असताना तिची नजर माझ्या बोटावर गेली.

"अरे डाक्टर," ती म्हणाली, "तुजं आंग अजून निजलंय?"

काशिनाथ इतका हसला की त्याच्या हातातली बाटली हिंदकळली.

त्यानंतर कधीतरी माझी चामखीळ गेली. कधी, ते मला सांगता येत नाही. खाज आठवत नाही, लाली आठवत नाही. एका सकाळी हात धुताना साबण बोटावरून सरळ घसरला, कुठे अडला नाही, म्हणून मी थांबलो. बोट उजेडात धरलं. गुळगुळीत. माझ्याच अंगात, माझ्याच बोटावर एवढी लढाई होऊन गेली आणि मला निरोपसुद्धा नाही. वडील तेव्हा माझ्याकडे राहायला आले होते, ओसरीवर बसले होते. मी त्यांना बोट दाखवलं.

"कशानं गेली?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

त्यांनी बोट हातात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, पूर्वी तो कागद पाहिला होता तसंच. मग सोडून दिलं आणि म्हणाले, "बरा डाक्टर झालास आता."